जाळ्याचा वाटा

आमच्या घरात सकाळ व्हायची ती जाळ्याच्या गोळ्यांच्या आवाजाने. महाजाळाच्या खालच्या दोरीला मातीच्या भाजलेल्या गोळ्या ओवलेल्या असत, जाळं पाण्यात तळाला बसावं म्हणून. बाबा आणि काका ते जाळं खांद्यावर टाकून अंगणातून निघाले की त्या गोळ्या एकमेकींवर आपटत जात आणि मी अंथरुणातच ओळखायची, आज मोठं जाळं आहे, आज तलावावर जायचं. आमचं गाव मूल या बाजाराच्या गावापुढे, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या बांधाखाली. पाळीवर उभं राहिलं की एका हाताला पाणी आणि दुसऱ्या हाताला आमच्या मोहल्ल्यातली कौलं दिसत. माय तोवर चूल पेटवून आंबील ढवळत असायची. धाकटा भाऊ तिच्या कमरेवर, आणि ती त्याला सांभाळत एका हाताने काटक्या मोडायची. आंबील पिऊन मी पाळीवर पळायची. माय मागून ओरडायची, "भांडं तं धुऊन जाय व!" ते भांडं मी कधी धुतल्याचं आठवत नाही. आता माय नाही, आणि कुठलंही भांडं घासताना तिची ती हाक मला हमखास ऐकू येते.

उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरलं की मोठं जाळं लागायचं. ते चौघांचं मिळून होतं. बाबा, काका, आणि शेजारचे सोमाजी आणि बिसनदादा. चौघं कमरेइतक्या पाण्यात उतरून ते ओढत काठाला आणायचे. मग मासोळी ओल्या वाळूवर ओतायची आणि बाबा वाटे घालायला बसायचा. हे काम त्याच्याकडेच होतं. तो मोजत नसे. एका ढिगात मोठी रोहू ठेवली तर दुसऱ्यात दोन शिंगूर आणि मूठभर झिंगे, तिसऱ्यात एक मरळ आणि बारकी मासोळी. मग उकिडवा बसून सगळ्या ढिगांकडे बघत राहायचा. इथला एक मासा तिकडे, तिथले चार झिंगे इकडे. काका कुरकुरायचा, "दादा, सोनं मोजून राह्यला का मासोळी? ऊन चढून राह्यलं." बाबा मान वर करत नसे. ढिगांत मासे कमीजास्त दिसले तरी वाटे सारखे झाले असं त्याला वाटलं की तो हात धुवायचा. माणसं चार असत. वाटे पाच पडत. पाचवा वाटा जाळ्याचा.

हे आमच्याकडे कोणी कोणाला समजावून सांगत नसे. जाळं धरतं, म्हणून जाळ्याला वाटा. त्याची मासोळी कुणाच्या चुलीवर जात नसे. ती मूलच्या बाजारात जायची आणि तिचं सूत यायचं. दुपारी पडवीत बाबा बांबूच्या सुईने त्या सुताने जाळ्याची फाटलेली घरं विणायचा, आणि पावसाळ्याच्या आधी, सूत कुजू नये म्हणून, ऐनाच्या झाडाच्या सालीच्या पाण्यात सगळं जाळं बुडवून काढायचा. मी लहानपणी समजायची की जाळं हा आमच्या घरातला पाचवा माणूस आहे. त्याला भूक लागते, त्याला दुखतं, त्याला पावसाळ्यात नवे कपडे लागतात.

वाटे पडले की कोणता कोणाचा हे ठरवायचं काम माझं. मी ढिगांकडे पाठ करून, तोंड पाण्याकडे करून उभी राहायची. बाबा मागून काठी एका ढिगावर ठेवायचा आणि विचारायचा, "हा कोनाचा?" मी मनात येईल ते नाव घ्यायची. सोमाजीचा. हा कोनाचा? जाळ्याचा. हा कोनाचा? बाबाचा. ज्याने वाटे घातले त्याला आपल्याला कोणता मिळणार हे ठाऊक नसायचं, म्हणून त्याचा हात खोटा पडत नसे, आणि मला ढीग दिसत नसत, म्हणून माझी जीभ खोटी पडत नसे. भांडण कधी झालं नाही. हे काम माझ्याकडे आलं त्याचं कारण माझी लाज. मी घराबाहेर कोणाशी बोलत नसे. कोणी तोंडाकडे बघून विचारलं की माझ्या कानात पाणी गेल्यासारखं व्हायचं. पण पाण्याकडे तोंड असलं की माझा आवाज अगदी पलीकडच्या पाळीपर्यंत जायचा. काकाची मुलगी चंद्री माझ्याहून वर्षाने लहान, पण तिसरीपासून माझ्याच वर्गात. ती दिवसभर बोलायची. माय म्हणायची, देवानं दोघींची जीभ एकीलेच देली.

शाळा म्हणजे एक खोली आणि एक ओसरी. गुरुजी एकच, चारही वर्ग त्यांच्याकडे. ते वरोऱ्याकडचे, कापसाच्या मुलखातले, गळ्यात तुळशीची माळ. आमच्या मोहल्ल्यात सकाळी मासोळीचा वास सुटला की ते नाकाला उपरणं लावून वाट काढायचे, पण रागाने काही बोलायचे नाहीत. अपूर्णांक शिकवताना ते फळ्यावर गोल भाकर काढायचे आणि मधून रेघ ओढायचे. अर्धी, पाव, पाऊण. आमच्या घरांत दोन्ही वेळा भात. भाकर आम्ही बघायची ती गुरुजींच्या डब्यात. एकदा चंद्रीने विचारलं, "गुरुजी, भाताचा पाव कसा करायचा?" वर्ग हसला, गुरुजीही हसले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी डब्यातली खरी ज्वारीची भाकर आणून आमच्यासमोर चार तुकडे केले आणि चौघांना दिले. त्यातला एक तुकडा मला मिळाला. तशी गोड भाकर मी पुढे किती घरी खाल्ली, पण एक छेद चार म्हटलं की मला तोच तुकडा आठवतो, एका कडेला थोडा करपलेला.

पाटीवर मी सगळं बरोबर लिहायची. अडायचं ते तोंडीला. तिसरीच्या तोंडी परीक्षेत मी एक अक्षर बोलले नाही आणि एक वर्ष तिथेच बसले. चौथीची परीक्षा आली तेव्हा बाबाने जेवताना सांगून टाकलं, "या बार नापास झाली तं शाळा बंद. घरी मायले हात पाहिजे." तो रागावला नव्हता. त्याचं खरंच होतं, भाऊ चालायला लागला होता आणि पाळीवर धावायचा. पाचवी तर पुढच्या गावात, नाल्यापलीकडे होती, तिथे पोरी जात नसत. म्हणजे जे काही व्हायचं ते या चौथीतच. आमच्या घरात तोवर कोणत्याही बाईजवळ शाळेचा पास कागद नव्हता. माय अंगठा लावायची. मला तो कागद पाहिजे होता. कशाला, ते मला सांगता आलं नसतं. पेटीत मायच्या लग्नातल्या लुगड्याखाली तो ठेवायचा, एवढं मी ठरवून ठेवलं होतं.

तोंडी घ्यायला मूलहून शाळा तपासणारे साहेब येणार होते. गुरुजींनी आम्हाला लावून शाळा सारवून घेतली, फळा कोळशाने आणि पाल्याच्या रसाने काळा केला. मोहाचे दिवस होते. पहाटे मोहफुलं वेचून आलेली पोरं ओळीत बसल्या बसल्या पेंगत होती. साहेब सायकलीवरून आले. उंच, वाळलेले, पांढऱ्या टोपीखाली घामाच्या धारा. त्यांनी तांब्याभर पाणी प्यायलं आणि खुर्ची सोडून सतरंजीवरच बसले. एकेकाला पुढे बोलावून विचारायला लागले. चंद्रीला त्यांनी पाऊण म्हणजे किती विचारलं, तिने तेही सांगितलं आणि न विचारलेलंही सांगितलं. साहेब म्हणाले, "पुरे, बाई, पुरे."

मग माझं नाव आलं. गुरुजी हळूच म्हणाले, "शेवंता बोलत नाही, साहेब. लिहिते." साहेबांनी माझ्या हातात पाटी दिली. पुस्तकात आंब्यांचं उदाहरण होतं. पण त्यांनी खिडकीतून तलावाकडे पाहिलं आणि मला सोपं जावं म्हणून आंबे सोडून दिले. म्हणाले, "चार जणांनी मिळून जाळं टाकलं. वीस मासे मिळाले, सगळे एकसारखे. वाटे सारखे करायचे. एकाला किती मासे मिळतील? आणि तो सगळ्या मासोळीचा कितवा भाग?"

मी लिहिलं, चार मासे. एक छेद पाच.

साहेबांनी पाटी गुरुजींना दाखवली. गुरुजींचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्याकडून कितीदा हे घोटवून घेतलं होतं. "शेवंता," ते म्हणाले, "चार जण आहेत. नीट ऐक." मी पाटी पुसली, विचार केला, आणि तेच लिहिलं. कोणीतरी मागे हसलं. साहेबांनी रजिस्टर उघडलं, टाक हातात घेतला. मला पेटी दिसली आणि तिच्यातली रिकामी जागा दिसली. साहेबांनी टाक तसाच हातात धरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "दोनदा तेच का लिहिलंस?" मी खाली बघत राहिले. कान भरून आले. त्यांनी कोपऱ्यातल्या डब्यातून वीस चिंचोके मोजून माझ्यापुढे ठेवले. "बरं, वाटून दाखव." मी खाली बसले आणि चार-चारचे पाच ढीग केले. "माणसं चार, ढीग पाच," साहेब म्हणाले. "हा जास्तीचा कोणाचा?" डोळ्यांतलं पाणी चिंचोक्यांवर पडलं.

तेवढ्यात चंद्री उठून उभी राहिली. "साहेब, तिले पाठ करून उभी करा. मंग बोलते ते."

"खाली बस!" गुरुजी ओरडले. साहेबांकडे पाठ करायची म्हणजे काय! पण साहेबांनी हाताने त्यांना थांबवलं. मला म्हणाले, "कर पाठ. काही हरकत नाही."

मी वळले. समोर खिडकी होती आणि खिडकीत तलाव. मागून साहेबांनी छडी जमिनीवर टेकल्याचा आवाज आला आणि चंद्री त्यांच्या कानाशी काहीतरी कुजबुजली. मग साहेबांनी विचारलं, अगदी आमच्यासारखं, "हा कोनाचा?"

"बाबाचा," मी म्हणाले.

"हा कोनाचा?"

"सोमाजीचा."

"हा?"

"काकाचा."

"हा?"

"बिसनदादाचा."

"आणि हा?"

"जाळ्याचा."

वर्गातली पोरं आपसांत कुजबुजायला लागली, कारण त्यांच्यातल्या निम्म्यांना आता कळलं की त्यांनीही पाच ढीग घातले असते. साहेबांनी छडी बाजूला ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "जाळ्याला वाटा नाही दिला तर?" मी तलावाकडे बघून सांगितलं, "मंग पुढच्या साली कशानं धरान?" कोणीतरी हसलं. साहेबही हसले असावेत, मला दिसलं नाही. त्यांनी पुढे विचारलं, "चौघांनी एक भाकर खाल्ली. एकाला कितवा भाग?" एक छेद चार, मी म्हणाले. "इथं पाच का नाहीत?" "भाकर जाळ्यानं नाई धरली ना जी." या वेळी गुरुजींचं हसू मी ओळखलं.

मला वाटलं आता संपलं. पण साहेबांनी आणखी एक विचारलं, आणि तो प्रश्न मी आजपर्यंत विसरले नाही. "तुझ्या काकानं आपल्या वाट्यातला अर्धा बहिणीला दिला. तर सगळ्या मासोळीतला कितवा भाग बहिणीकडे गेला?" असं गुरुजींनी कधी शिकवलं नव्हतं. पुस्तकात नव्हतं. गुरुजी म्हणालेसुद्धा, "साहेब, हे पुढच्या वर्गाचं आहे." साहेब म्हणाले, "असू द्या. घाई नाही." आणि ते थांबले. मला आठवतं, ओसरीवर एक शेळी आली आणि गेली. धोब्याने पाळीवर कपडे आपटले त्याचा आवाज आला, आधी हात खाली यायचा आणि मग आवाज पोचायचा. मी पाण्याकडे बघत बाबाचे हात आठवले. काकाचा ढीग त्या हातांनी मधून फोडला, दोन ढिगल्या झाल्या. पण एकच फोडून कसं चालेल, बाकीचे मोठे राहतात, त्यांच्याशी ही लहान ढिगली कशी मोजायची? मग मी मनातल्या मनात सगळेच ढीग फोडले. बाबाचा, सोमाजीचा, बिसनदादाचा, जाळ्याचासुद्धा. सगळ्या ढिगल्या सारख्या झाल्या. मोजल्या.

"एक छेद दहा," मी म्हणाले.

टाक कागदावर चालल्याचा आवाज आला. साहेब म्हणाले, "गुरुजी, जाळं कोणाचं ते आपण प्रश्नात सांगितलंच नव्हतं." मला म्हणाले, "जा, बस जागेवर." मी वळले तेव्हा त्यांनी रजिस्टर मिटलं होतं आणि ते चिंचोके परत डब्यात भरत होते, पाच ढीग एकेक करून.

इथे मला थोडं आजचं लिहायचं आहे. मी गेली बारा-पंधरा वर्षं याच शाळेत पोरांची खिचडी शिजवते. काम द्यायचं ठरलं तेव्हा गावातल्या आम्हा बायांपैकी चौथी पासचा कागद माझ्याकडे होता, पेटीतून काढून दिला. आता शाळेला चार खोल्या आहेत. नव्या बाई पोरांना अपूर्णांक येतात का बघायला रंगीत कागदाचे गोल देतात आणि उत्तर मोबाईलमध्ये भरतात. चांगल्या आहेत त्या, जीव लावून शिकवतात. गेल्या वर्षी जंगलाकडच्या गावातून आलेली एक पोर हातात कागदाचा गोल घेऊन तशीच उभी होती, एक शब्द नाही, आणि बाईंना अजून वीस पोरं बघायची होती. मी दारात पातेलं घेऊन उभी. मला बोलायची सवय नाही, पण मी म्हणाले, "बाई, जराक थांबा ना तिच्यासाठी." त्या थांबल्या. पोरीने काय उत्तर दिलं ते मला कळलं नाही, कारण खिचडी लागत होती आणि मी पळाले. पण बाई थांबल्या होत्या, हे मी पाहिलं.

त्या परीक्षेच्या दिवशी घरी माझ्याआधी चंद्री पोचली होती. मी अंगणात आले तर माय कपाळाला हात लावून उभी. "साहेबाकडे पाठ केली? शरम नाई वाटली व तुले? आता आपल्याले गावात कोन काय म्हनन?" चंद्री मध्ये म्हणाली, "पन काकू, पास झाली ना ते!" माय म्हणाली, "पास झाली तं का झालं," आणि मग तिला ते कळलं आणि ती आत गेली. त्या संध्याकाळी तिने लाखोळीच्या वरणाला लसणाची फोडणी दिली, जी सणालाच असायची. बाबा पडवीत जाळं विणत होता. त्याने सुई थांबवली नाही. एवढंच विचारलं, "साहेबाले जाळ्याचा वाटा पटला?" मी मान हलवली. "हं," तो म्हणाला.

दोन दिवसांनी पुन्हा मोठं जाळं लागलं. मासोळी बरी लागली होती. मी नेहमीसारखी पाण्याकडे तोंड करून उभी राहिले. बाबाने त्या दिवशी वाटे घालायला फार वेळ लावला, काका दोनदा कुरकुरला. मग सुरू झालं. हा कोनाचा? बिसनदादाचा. हा कोनाचा? जाळ्याचा. हा कोनाचा? काकाचा. मी पाचही नावं घेतली आणि वळणार, तेवढ्यात बाबाचा आवाज आला, "अन् हा कोनाचा?"

माझ्याजवळ नाव उरलं नव्हतं. मी पहिल्यांदाच मध्येच वळून पाहिलं. वाळूवर सहा ढीग होते, सारखे, जसे बाबाचे असतात तसे. बाबा काठी शेवटच्या ढिगावर ठेवून माझ्याकडे बघत होता.

"शाळेचा म्हन," तो म्हणाला.

काका कपाळ बडवून हसायला लागला. "दादा, मास्तर माळकरी आहे! मासोळी पाहून नाक दाबते तो!"

"खाते का नाई तो त्याचा सवाल," बाबा म्हणाला. "वाटा त्याचा आहे." सोमाजीने आणि बिसनदादाने एकमेकांकडे पाहिलं. दोघांच्याही वाट्यातून थोडं थोडं गेलं होतं. सोमाजीने पळसाची पानं तोडून आणली आणि तो सहावा ढीग स्वतः बांधून माझ्या हातात दिला.

गुरुजी ओसरीवर पोथी वाचत बसले होते. मी पुडी पुढे धरली. पानातून पाणी गळत होतं आणि वास लपण्यासारखा नव्हता. गुरुजींनी आधी पुडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्यांचा हात सवयीने उपरण्याकडे गेला, पण अर्ध्यातच थांबला. "हे काय गं?"

"शाळेचा वाटा," मी म्हणाले. "बाबानं पाठवला."

गुरुजींनी पोथी मिटून बाजूला ठेवली आणि दोन्ही हात पुढे करून ती पुडी घेतली. ती त्यांनी नंतर पाळीजवळच्या म्हातारीला दिली हे सगळ्या गावाला कळलं, बाबालाही कळलं, आणि तरी उन्हाळाभर दर मोठ्या जाळ्याला सहा वाटे पडत राहिले. पण त्या दिवशी ते पुडी हातात धरून तसेच बसले, बोटांवरून पाणी गळत असताना.

"किती वाटे पडले आज?" त्यांनी विचारलं.

"सहा."

"मग शाळेला कितवा भाग आला?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघून सांगितलं, "एक छेद सहा, गुरुजी."